येथे सेल बदलून मिळतील

गेल्या महिन्यात आमच्या कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय होता, ‘कंपन्या वस्तू मुद्दाम लवकर मरतील अशाच बनवतात’. पोरांनी उदाहरणाला जवळजवळ एकमतानं गाणी ऐकायची यंत्रं निवडली: वॉकमन, आयपॉड, एमपीथ्री प्लेअर, कानात घालायचे इअरबड्स. अनुकूल बाजूनं बोलणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एक आजोबा होते आणि प्रत्येक आजोबांकडे अजून चालणारा एक रेडिओ होता. प्रतिकूल बाजूचं म्हणणं, गिऱ्हाईकालाच नवं पाहिजे असतं, कंपनी बिचारी काय करणार? एकीनं कट हुडकला, दुसरीनं बाजाराचं वकीलपत्र घेतलं. टाळ्या दोघींनाही पडल्या. परीक्षकाला शेवटी बोलायला पाच मिनिटं देतात आणि त्यातली तीन शाल-श्रीफळात जातात. तिथं बोलायचं राहिलं ते इथं लिहितोय.

माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत होत्या. वस्तू किती वर्षं टिकली, किंवा तिला कुणी ठरवून मारलं का, यावर तासभर बोलता येतं, पण त्यातून निष्पन्न काही होत नाही. विचारायला पाहिजे ते असं: वस्तूतला जो भाग झिजणारच हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, तो बाहेर काढून नवा घालता येतो का? घालता येत नसेल, तर बनवणाऱ्याच्या मनात पाप होतं की पुण्य, याच्याशी मला कर्तव्य नाही. कायद्यालाही नसावं.

आधी आजोबांचा तो रेडिओ बाजूला ठेवू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. जुन्या वस्तू दणकट होत्या असं वाटतं, कारण आपल्यासमोर टिकलेल्याच वस्तू येतात. जोतिबाच्या डोंगरावर नवस फेडायला आलेल्यांची गर्दी दिसते. ज्यांचा नवस फळलाच नाही ते कशाला डोंगर चढतील? त्याच काळातले बाकीचे रेडिओ कधीच भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेले, त्यांच्यावर कुणी भाषण करत नाही. आणि वॉकमन तर दणकट अजिबातच नव्हता. सोनीनं १ जुलै १९७९ ला जपानात पहिला वॉकमन विकायला काढला, किंमत ३३,००० येन. आत एक छोटी मोटर, तिच्यावरून चाकाकडे जाणारा बारीक रबरी पट्टा, फीत ओढणारा रबरी रूळ आणि फीत वाचणारं हेड. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीनं सरकायला पाहिजे. पण रबर ते रबर. चार-पाच उन्हाळे गेले की पट्टा सैल पडणार, फीत रेंगाळणार आणि गाणारी बाई बाप्याच्या आवाजात गायला लागणार.

माझ्याकडे नव्वदच्या दशकात असाच एक कॅसेट प्लेअर होता, वॉकमनची देशी नक्कल. त्यातली बाई अशीच बाप्या झाली, तेव्हा शाहूपुरीतल्या एका मिस्त्रीकडे घेऊन गेलो. त्यानं चार स्क्रू काढले, मागचं झाकण वेगळं केलं आणि चिमट्यानं तो पट्टा बाहेर ओढून करंगळीवर लटकवला. पट्टा शेवईसारखा लोंबत होता. भिंतीवरच्या खिळ्याला असल्या पट्ट्यांचा झुबकाच होता. त्यातून त्यानं डोळ्याच्या मापानं एक उचलला, मोटरवरून चाकावर चढवला, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं. कापूस चॉकलेटी झाला. मग मोटरच्या पाठीवरच्या बारक्या भोकात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घातलं आणि कॅसेट चालू करून, मान तिरकी ठेवून, कानानं चाल लावत बसला. मोजायचं यंत्र वगैरे काही नाही. गाणं तोंडपाठ होतं, त्याच्याबरोबर गुणगुणत त्यानं ते जाग्यावर आणलं. “ऐका आता,” म्हणाला, “बाई बाईगत गातीया का न्हाई?”

तो प्लेअर अकरा वर्षं चालला आणि त्या अकरा वर्षांत चार वेळा उघडला गेला. कंपनीनं दिलेलं आयुष्य धरलं तर तो पहिल्या पट्ट्याबरोबरच मेला होता. पुढची वर्षं मिस्त्रीच्या खिळ्यावरची. आणि त्यात सगळ्यांत लवकर संपणारी गोष्ट कोणती होती? पेन्सिल सेल. तो यंत्राचा भागच नव्हता. कोपऱ्यावरच्या पानपट्टीत मिळायचा आणि आम्ही तो दातानं चावून, उन्हात ठेवून आणखी दोन गाणी ऐकायचो. (दातानं चावल्यानं काही होत असेल असं आता वाटत नाही, पण तेव्हा श्रद्धा होती.)

आता २३ ऑक्टोबर २००१ ला या. ॲपलनं पहिला आयपॉड दाखवला: पाच गीगाबाइटची हार्डडिस्क, खिशात हजार गाणी, किंमत ३९९ डॉलर. वस्तू देखणी होती, त्याबद्दल वाद नाही. पाठ आरशासारखी आणि त्या आरशावर एकही स्क्रू नाही. आत लिथियमची बॅटरी. ही बॅटरी वापरली तरी झिजते, कपाटात ठेवून दिली तरी झिजते. तीनशे ते पाचशे वेळा पुरती भरून रिकामी झाली की उतरणीला लागते. हे काही गुपित नाही, बॅटरी बनवणाराच सांगतो. म्हणजे १९७९ साली जो भाग सगळ्यांत आधी संपायचा तो पानपट्टीत मिळत होता आणि २००१ साली तोच भाग यंत्राच्या पोटात जाऊन बसला. दोन वर्षांत बोंब झालीच. न्यूयॉर्कमधल्या दोघा भावांनी २००३ साली आयपॉडच्या जाहिरातींवर ‘याची बॅटरी बदलता येत नाही, दीडच वर्ष टिकते’ अशा अर्थाची अक्षरं रंगवली आणि त्याचं चित्रण जगभर फिरलं. त्याच सुमारास ९९ डॉलरांत बॅटरी बदलून देण्याची सोय कंपनीनं सुरू केली. ग्राहकांनी लावलेल्या खटल्यात २००५ साली तडजोड झाली. गंमत अशी, की ते जुने आयपॉड आजही जगभरचे हौशी लोक पातळ पट्टीनं उचकटून उघडतात, हार्डडिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवतात, नवी बॅटरी घालतात आणि वापरतात. यंत्र मेलंच नव्हतं.

आता कटाचं बोलू, कारण अनुकूल बाजूच्या पोरांचा जीव त्यातच अडकला होता. कट कधीच नसतात असं मी म्हणणार नाही. १९२४ साली जिनिव्हात ओसराम, फिलिप्स, जनरल इलेक्ट्रिकच्या गोतावळ्यातल्या कंपन्या असे जगातले बडे बल्बवाले ‘फीबस’ नावाच्या संघात एकत्र आले आणि त्यांनी घरगुती बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणायचं ठरवलं. त्याआधीचे बल्ब दीड-दोन हजार तास जळायचे. कारखान्यांतून नमुने मागवून तपासले जायचे आणि ज्याचा बल्ब जास्त जगला त्याला दंड. कागदोपत्री पुरावा असलेला हा कट आहे. पण यातसुद्धा एक गाठ आहे, जी व्यासपीठावर कुणी सोडवली नाही. तारेच्या बल्बमध्ये आयुष्य वाढवायचं तर तार कमी तापवावी लागते आणि कमी तापलेली तार त्याच विजेत कमी उजेड देते. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतोय, त्याचे सगळे गोडवे गातात. त्याच्या उजेडात पेपर वाचून दाखवा म्हणावं. तेव्हा खुद्द फीबसच्या बाबतीतही ‘हा लोभ होता की तडजोड’ यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मग ज्या धंद्यात असला कागद सापडलेला नाही, तिथं काय सिद्ध करणार?

त्यापेक्षा दोन अलीकडच्या गोष्टी बघा. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे ३० गीगाबाइटचे झून प्लेअर एकाच दिवशी बंद पडले. कारण काय, तर ते लीप वर्ष होतं आणि आतल्या घड्याळाच्या प्रोग्रॅमला वर्षाचा ३६६ वा दिवस झेपेना. उपाय सांगण्यात आला तो असा: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चालू करा. यात कुणाचा कट? कुणाचाच नाही. तरी मालकाच्या हातात वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. दुसरी गोष्ट २०१७ ची. जुने आयफोन संथ केले जात असल्याचं ॲपलनं डिसेंबरात मान्य केलं. जगभर ओरड झाली: बघा, नवा घ्यावा म्हणून जुना मारला! कंपनीचं उत्तर होतं, थकलेल्या बॅटरीला एकदम जोर लावला की फोन अचानक बंद पडतो, ते टाळायला चाल कमी केली. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर खोटं नाही. पण मग औषध काय निघालं? नवी बॅटरी. ती घातली की तोच फोन पुन्हा पळायला लागायचा. कंपनीनं बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ वर आणला. हेतूवर भांडलेल्यांना आणि कंपनीची बाजू घेणाऱ्यांना शेवटी एकाच खिडकीत उभं राहावं लागलं, बॅटरी बदलायच्या.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला काटामारीचा संशय आला, तर तो चेअरमनच्या मनात काय होतं हे शोधत बसतो काय? त्याची मागणी साधी असते: बाहेरच्या काट्यावर वजन करायला मुभा द्या आणि ते मान्य करा. काटा चुकून बिघडला की मुद्दाम, हा प्रश्न मग आपोआप मागे पडतो.

फ्रान्स हाच धडा आधी कायदा करून, त्यात चूक करून, मग शिकला. २०१५ साली त्यांनी नियोजित कालबाह्यता, म्हणजे वस्तू ठरवून लवकर मारणं, हा गुन्हाच ठरवला: दोन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख युरोंपर्यंत दंड, प्रसंगी उलाढालीच्या पाच टक्क्यांपर्यंत. कायदा कडक, पण ‘मुद्दाम केलं’ हे दाखवायचं कसं? आयफोनच्या त्याच प्रकरणात फ्रान्समध्ये तक्रार या कायद्याखाली झाली होती आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड बसला तो मात्र ग्राहकांना माहिती दिली नाही म्हणून. पुढच्या वर्षी, १ जानेवारी २०२१ पासून, त्यांनी वेगळी वाट धरली. काही वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं केलं: उघडायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, किती रुपयांना, म्हणजे युरोंना. मनातलं पाप मोजायचं सोडून त्यांनी स्क्रू मोजायला घेतले. युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरीविषयक नियम त्याच्याही पुढे जातो: १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. त्याला काही अपवाद आहेत आणि कंपन्या त्या फटीतून वाट काढतीलच. तरी दिशा बरोबर आहे.

आता प्रतिकूल बाजूकडे वळतो, कारण त्यांचे काही मुद्दे खरोखर वजनदार होते आणि त्यांनी ते नीट वापरले नाहीत.

पहिला मुद्दा: गाण्याचं यंत्र कुणी मारलं नाही, फोननं गिळलं. खरं आहे. मोठा आयपॉड क्लासिक २०१४ ला बंद झाला, शेवटचा आयपॉड टच १० मे २०२२ ला. जो फोन खिशात आहे तोच गाणी वाजवत असेल, तर दुसरं धूड कोण बाळगेल? आमच्या उद्यमनगरनं, कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीनं, हे आधीच पाहिलंय. एकेकाळी इथली ऑइल इंजिनं विहिरी-विहिरींवर धडधडत होती. शिवारात वीज पोचली, मोटर आली, इंजिन बाजूला झालं. त्यात कुणाचा डाव नव्हता. पण त्या इंजिनाला निवृत्ती मिळाली. बाजूला ठेवलं त्या दिवशीही त्याचं पिस्टन, रिंग, बेअरिंग बदलता येत होतं, आणि वीज दगा द्यायची त्या रात्री ते पुन्हा हँडल मारून चालू व्हायचं. निवृत्त होणं आणि मरणं यात फरक आहे. चांगलं काहीतरी आल्यामुळे वस्तू मागे पडली तर मला तक्रार नाही. दोन-तीनशे रुपयांचा सेल संपल्यामुळे चार हजारांची वस्तू मागे पडली, तर आहे.

आणि फोननं खरंच सगळं गिळलं का? सारेगामानं २०१७ साली पाच हजार जुनी गाणी आत भरलेला ‘कारवां’ काढला आणि तो घराघरांत गेला. ज्यांना फोनमध्ये गाणं शोधायचा कंटाळा येतो ती माणसं अजून आहेत. त्याहून खाली उतरा. कुठल्याही जत्रेत, देवळाच्या वाटेवर, चारपाचशे रुपयांना मिळणारा तो लाल-निळा डबा बघा, ज्यात मेमरी कार्ड घातलं की अभंग, भावगीतं, लावण्या सगळं वाजतं. आमच्या गावाकडच्या गोठ्यात असा एक डबा खुंटीला टांगलेला आहे. पहाटे धारेच्या वेळी तो लागतो. त्यावर शेणाचे शिंतोडे आहेत, अँटेना मोडलीय, आवाजाचं बटण जाऊन तिथं काडेपेटीची काडी खोचलीय. पण मागचं झाकण नखानं सरकतं आणि आत बीएल-५सी बॅटरी असते. ही मूळची नोकियाच्या साध्या फोनांची. ते फोन गेले, पण बॅटरीचा आकार राहिला. अनेक कंपन्या ती बनवतात, तालुक्याच्या कुठल्याही मोबाइल दुकानात मिळते, आणि कुणी ठरवून दिलेलं नसताना ती स्वस्त डब्यांचा पेन्सिल सेल होऊन बसली. त्या डब्यातली तिसरी बॅटरी आता चालू आहे. त्याच घरात माझ्या भाच्यानं घेतलेले दोन महागडे इअरबड्स दरम्यान मरून गेले.

इथं प्रतिकूल बाजू म्हणेल, बॅटरी सुटी ठेवणं धोक्याचं असतं, लिथियम पेट घेतं. बरोबर, आणि बीएल-५सीनंच तो धोका दाखवला होता. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियानं सांगितलं, की एका पुरवठादाराच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापू शकतात. पण पुढं काय झालं? लोकांनी झाकण सरकवलं, बॅटरीवरचा नंबर पाहिला, आणि सदोष निघाली तर तेवढी बॅटरी बदलून मागितली. फोन घरीच राहिला. आता २०१६ सालचा सॅमसंगचा नोट ७ आठवा. त्याच्याही बॅटऱ्या पेट घेत होत्या. बॅटरी आत बंद होती, म्हणून पहिल्या फेरीतच पंचवीस लाख अख्खे फोन परत बोलवावे लागले आणि बदलून दिलेलेही पेटले तेव्हा ऑक्टोबरात ते मॉडेलच बंद करावं लागलं. सुरक्षिततेचा मुद्दा नेमका कुठल्या बाजूचा आहे?

दुसरा वजनदार मुद्दा पाण्याचा आणि आकाराचा. बारीक करायचं, घाम-पाऊस आत जाऊ द्यायचा नाही, तर चिकटवण्याला पर्याय नाही, असं ते म्हणतात. माझे स्वतःचे इअरबड्स दोन वर्षांत मरणपंथाला लागले. डावा चाळीस मिनिटांत माना टाकायचा. कंपनीच्या सेवा केंद्रात तरुण मुलगा अदबीनं म्हणाला, “सर, याला रिपेअर नाही, एक्स्चेंज आहे.” एक्स्चेंज म्हणजे नव्याच्या किमतीत थोडी सूट. राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्यानं ते भिंगाखाली धरले, फिरवले आणि परत दिले. “काका, ह्यात खोलायसारखं कायच ठेवलं नाही. ब्लेड लावलं की कवच तडकतंय. आतला सेल हरभऱ्याएवढा, पण गावायचा कुठनं?” तिथून चालत निघालो तो महाद्वार रोडला एका घड्याळवाल्याच्या काचेवर पाटी दिसली, ‘येथे सेल बदलून मिळतील’. आत बसलेला म्हातारा मनगटी घड्याळाचं झाकण काढून, हरभऱ्याएवढाच सेल बदलून, रबरी कडी पुन्हा बसवून, दहा मिनिटांत पाण्यात चालणारं घड्याळ परत देतो. आमच्या थोरल्या आत्या ऐंशीच्या पुढच्या. कानातल्या यंत्राचा सेल त्या स्वतः बदलतात, चष्मा न लावता. इअरबड्सच्या बाबतीतच हे अशक्य का व्हावं? अशक्य नाहीच. युरोपातल्या फेअरफोन कंपनीनं २०२४ साली बॅटरी बदलता येणारे इअरबड्स विकायला आणले. चिकटवल्यानं थोडं बारीक होतं आणि बरंच स्वस्त पडतं हे मान्य. त्या स्वस्ताईचा हिशेब दोन वर्षांनी आपल्याकडून वसूल होतो, एवढंच.

पाण्यावरून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ आहे. पाणी ओसरल्यावर दारोदार चिखलानं माखलेल्या वस्तूंचे ढीग पडले होते. मी पाहिलं ते असं, की मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटरी, शिलाई मशिनं यांच्या दुरुस्तीवाल्यांकडे रांगा होत्या. ज्याला स्क्रू होता ते खोललं, धुतलं, उन्हात वाळवलं, वायंडिंग नवं केलं आणि दिवाळीला घरात पुन्हा चालू झालं. ज्याला स्क्रू नव्हता ते कचऱ्याच्या डंपरमध्ये गेलं. पाणी आत जाऊ नये म्हणून जे बंद केलेलं असतं, तेही पुरात दोन दिवस बुडालं की पाणी आत जातंच. मग फक्त बाहेर येत नाही.

तिसरा मुद्दा हौसेचा. पोरांना नवंच पाहिजे असतं. असतं, आणि ते काही आजचं नाही. जनरल मोटर्सनं १९२० च्या दशकात मोटारीचं रूपडं दरवर्षी बदलायचा पायंडा पाडला. ब्रूक्स स्टीव्हन्स या अमेरिकन डिझायनरनं १९५४ पासून तर ‘नियोजित कालबाह्यता’ हे शब्द अभिमानानं मिरवले. गरजेपेक्षा जरा आधीच, जरा नवं, जरा बरं घ्यावंसं वाटायला लावणं, हा त्यानं लावलेला अर्थ. माझी त्याच्याशीही तक्रार नाही. हौस असेल त्यानं दरवर्षी नवं घ्यावं. पण आपल्या घरांत जुनी वस्तू कुठे जाते? थोरल्याची सायकल धाकट्याकडे, धाकट्याकडून मावसभावाकडे, तिथून कामवाल्या मावशींच्या मुलाकडे. वॉकमन असाच तीन हातांतून फिरायचा. पहिल्या मालकाची हौस ही दुसऱ्याची सोय असायची. सेल चिकटवून टाकला की ही साखळी तुटते. पहिला मालक ऐपतीचा असतो, त्याला दोन वर्षांनी तसंही नवंच घ्यायचं असतं, त्याचं काही बिघडत नाही. मरतो तो दुसरा मालक, आणि बाजारात ‘गिऱ्हाईकाला काय पाहिजे’ हे विचारतात तेव्हा त्याला कुणी विचारलेलं नसतं. वादविवादात दोन्ही बाजूंच्या बारा भाषणांत तो एकदाही आला नाही.

कोल्हापूर म्हटलं की चप्पल आलीच, म्हणून मी ती टाळणार होतो. पण अंगठा तुटला म्हणून कोल्हापुरी चप्पल टाकून देणारा माणूस चप्पल लाईनीत हसण्यावारी जाईल, एवढं सांगून पुढं जातो.

सेलपेक्षा एक अवघड मागणी आहे, ती नकाशाची. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या पाठीवर आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. आज तो गुपित म्हणून कुलपात असतो, आणि दुरुस्तीवाला चोरट्यासारखा इकडून तिकडून मिळवतो. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवर, कधी परग्रहावरच्या कुणाला सापडली तर म्हणून, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई म्हणजे आमच्या कोल्हापूर दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. ज्यांनी तबकडी पाठवली त्यांनी वाजवायची सुई बरोबर दिली आणि कव्हरवर ती कशी वाजवायची याचं चित्र कोरलं. कोण उघडेल, कधी उघडेल, त्याला कुठली भाषा येत असेल, काहीच माहीत नसताना. आणि इथं राजारामपुरीतल्या पोराला, ज्याचा पत्ता ठाऊक आहे, त्याला चित्र देता येत नाही? बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीनं शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तो बंद पेटीकडे बघत बसून नव्हे. उघडून बघायला मिळालं तरच हात तयार होतो. चिकटवलेल्या वस्तूंवर शिकणारा पोरगा काय शिकणार? एक्स्चेंजचा फॉर्म भरायला.

आपल्याकडे २०२२ साली केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं ठरवली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. २०२४ साली दुरुस्तीच्या गुणांकासाठी आणखी एक समिती झाली. पोर्टलवर माहिती मिळते, सक्ती नाही. मी म्हणतो, सुरुवात छोटी करा. ज्या वस्तूत बॅटरी आहे त्या वस्तूच्या खोक्यावर एक ओळ छापायची सक्ती करा: बॅटरी बदलता येते की नाही, येत असेल तर कुठल्या मापाची आणि कुणाला. कंपनीला बंदी नाही, दंड नाही, हेतूची चौकशी नाही. चिकटवायचं तर खुशाल चिकटवा, पण तसं किमतीच्या शेजारी, किमतीएवढ्याच अक्षरात लिहा. मग बघू गिऱ्हाईकाला काय पाहिजे असतं.

स्पर्धेचा निकाल प्रतिकूल बाजूनं लागला, आजोबा हरले. विजेत्यांना इअरबड्स मिळाले, म्हणजे आयोजकांनी विषयाशी इमान राखलं. परीक्षकांना शालीबरोबर एकेक ब्लूटूथ स्पीकर. घरी आल्यावर खोका चारी बाजूंनी वाचला. बॅटरीबद्दल ‘दीर्घकाळ चालणारी’ यापलीकडे अक्षर नव्हतं. स्पीकर उलटा करून पाहिला, कडेनं नख फिरवलं. सांध कुठंच सापडेना. मग तळाच्या चार रबरी चकत्यांपैकी एक उचकटून बघितली. खाली स्क्रू होता. बाकीच्या तिन्हींखालीही निघाले. चकत्या पुन्हा दाबून बसवल्या आहेत. वॉरंटी मार्चपर्यंत आहे.